वापरलेलं घड्याळ नव्यापेक्षा महाग का पडतं?

२६ ऑक्टोबर २०१७ ला न्यूयॉर्कमध्ये फिलिप्स या लिलावगृहानं एक स्टीलचं मनगटी घड्याळ विकलं. रोलेक्सचं डेटोना, मॉडेल क्रमांक ६२३९. ना सोनं, ना हिरे, आणि रोज हातानं चावी द्यावी लागते असं यंत्र. किंमत आली १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर. हे घड्याळ अभिनेता पॉल न्यूमनचं. तो मोटारींच्या शर्यतीत उतरायचा, म्हणून बायकोनं मागच्या झाकणावर 'ड्राइव्ह केअरफुली, मी' असं कोरून दिलं होतं.

यातली खरी गंमत तबकडीची आहे. तीन रंगांची, जरा भडक वाटणारी ही तबकडी साठच्या दशकात गिऱ्हाइकांना आवडायची नाही. तसली घड्याळं दुकानात पडून राहत. फारशी खपली नाहीत, म्हणून आज थोडीच उरली आहेत, आणि थोडीच उरली म्हणून लोक त्यांच्यामागे धावतात.

अशा बातम्या वाचल्या की घरात कपाटात पडलेलं जुनं परदेशी घड्याळ बाहेर काढून बघायचा मोह होतो. त्याआधी एक खुलासा. बहुतेक महागडी घड्याळं दुकानातून बाहेर पडल्याबरोबर इतर वस्तूंसारखीच उतरतात, काही तर निम्म्यावर येतात. छापील किमतीच्या वर जातात ती मोजक्या कंपन्यांची मोजकी मॉडेलं: रोलेक्स, पाटेक फिलिप, ओडमार पिगे यांची काही, आणि इतरांची तुरळक. बातम्या त्यांच्याच होतात, त्यामुळे सगळा बाजारच तसा आहे असं वाटू लागतं.

चावीची घड्याळं अजून टिकली कशी?

२५ डिसेंबर १९६९ ला जपानच्या सेको कंपनीनं ॲस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. क्वार्ट्झ म्हणजे बॅटरीवर कंप पावणारा स्फटिक. आज सर्रास वापरला जाणारा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्या मोजणीवर काटे चालतात. चावीच्या घड्याळात हेच काम एक इवलंसं चाक करतं. ते डावीकडे-उजवीकडे झोके घेतं आणि सेकंदाला फार तर आठ-दहा ठोके देतं. स्वित्झर्लंडमधली सरकारमान्य तपासणी संस्था ज्याला 'क्रोनोमीटर' म्हणून प्रमाणपत्र देते, त्या यंत्रालाही सरासरीनं दिवसाला ४ सेकंद मागे किंवा ६ सेकंद पुढे जायची मुभा असते. साधं बॅटरीचं घड्याळ महिन्याभरात चुकेल, तेवढं हे दोन-तीन दिवसांत चुकतं.

परिणाम व्हायचा तो झाला. १९७० च्या सुमारास स्विस घड्याळ-उद्योगात नव्वद हजारांच्या आसपास माणसं काम करत होती. ऐंशीच्या दशकात ती तीस-पस्तीस हजारांवर आली. वेळ सांगायच्या कामात चावीचं घड्याळ हरलं ते कायमचं. जे तगले त्यांनी वेळ विकायचं सोडून कारागिरी आणि प्रतिष्ठा विकायला घेतली.

पण जुन्या घड्याळांचा बाजार उभा राहिला तो आणखी एका कारणानं. चावीच्या घड्याळात धातूची चाकं, स्प्रिंगा आणि चाकांची टोकं ज्यांत फिरतात ते इवले दगड असतात. यातला प्रत्येक भाग काढता येतो, धुता येतो, नसला तर नवा घडवता येतो. जाणकार घड्याळजी साठ वर्षांचं यंत्र सुटं करून पुन्हा नव्यासारखं चालवू शकतो. क्वार्ट्झमधली इलेक्ट्रॉनिक चकती जळली आणि कंपनीनं ती बनवणं बंद केलेलं असलं, की तशीच दुसरी मिळेपर्यंत घड्याळ बंद. दुरुस्त होणाऱ्या वस्तूलाच दुसरा, तिसरा, चौथा मालक मिळतो.

दुकानात रांग आणि बाहेर चढा भाव

नवं रोलेक्स कंपनीनं नेमलेल्या अधिकृत विक्रेत्याकडे छापील किमतीला मिळतं, म्हणजे मिळायला हवं. लोकप्रिय मॉडेल मागितलं की तुमचं नाव यादीत जातं. ते कधी मिळेल हे सांगत नाहीत, आणि जुन्या, भरपूर खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते आधी जातं हे उघड गुपित आहे. ज्याला थांबायचं नाही तो बाहेर जास्त पैसे देतो. कंपनीनं न नेमलेले विक्रेते कोरी, न घातलेली घड्याळं विकतात, त्या बाजाराला 'ग्रे मार्केट' म्हणतात. तिथला माल खराच असतो; फक्त तो कंपनीच्या ठरलेल्या वाटेनं आलेला नसतो. गंमत म्हणजे जी मॉडेलं दुकानात सहज मिळतात, ती याच ग्रे मार्केटमध्ये छापील किमतीपेक्षा बरीच स्वस्त मिळतात. बाहेरचा भाव छापील किमतीच्या वर आहे की खाली, हे पाहिलं की त्या मॉडेलला खरी मागणी किती आहे ते कळतं.

हा भाव कसा वेडावतो याचा नमुना म्हणजे पाटेक फिलिपचं नॉटिलस ५७११. मूळ नॉटिलस जेराल्ड जेंटा या आरेखकानं काढलेलं, १९७६ चं. २०२१ च्या सुरुवातीला ५७११ बंद होणार असं कळलं आणि भाव उसळला. त्याच वर्षाच्या शेवटी टिफनी या जवाहिऱ्याच्या खास निळसर-हिरव्या तबकडीची १७० घड्याळं निघाली. छापील किंमत ५२ हजार डॉलरच्या आसपास. त्यातलं एक डिसेंबरमध्ये धर्मादाय लिलावात ६५ लाख डॉलरला गेलं. करोनाच्या साथीच्या काळात कारखाने बंद होते, व्याजदर तळाला होते, घरी बसलेल्या लोकांच्या हातात पैसा होता. २०२२ च्या पहिल्या तिमाहीनंतर व्याजदर चढू लागले, आभासी चलनं कोसळली आणि घड्याळांचे भावही घसरायला लागले. वरच्या टोकाला कर्ज काढून घेणाऱ्यांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

कंपन्या हे सगळं बाजूला उभं राहून बघत होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये रोलेक्सनं स्वतःच वापरलेली घड्याळं तपासून, दोन वर्षांच्या हमीसह निवडक दुकानांतून विकायला सुरुवात केली. ती बाहेरच्यापेक्षा महाग असतात. तो जादा पैसा घड्याळाचा नसतो, खात्रीचा असतो. या सगळ्या बाजारात खरी दुर्मिळ चीज हीच आहे.

पॉलिश केलं तर किंमत वाढायला हवी ना?

नवख्या माणसाला सगळ्यात विचित्र वाटणारी गोष्ट हीच. विकण्याआधी घड्याळ चकाचक करून घ्यावं असं कुणालाही वाटेल. करू नका.

पट्टा जिथे अडकतो ती चार शिंगं, ज्यांना घड्याळवाले 'लग' म्हणतात, भिंगाखाली धरून पाहा. कारखान्यातून आलेल्या घड्याळात वरचा भाग एका दिशेनं बारीक रेघा मारलेला आणि बाजू आरशासारखी असते. दोन्हींच्या मधली कड हाताला जाणवेल इतकी स्पष्ट असते. काही मॉडेलांत त्या कडेला तिरपी, चकचकीत पट्टी काढलेली असते. यंत्रावर घासून ओरखडे घालवताना धातूचा थर जातो. एकदा घासलं की पट्टी बारीक होते, दोन-तीनदा घासलं की नाहीशी होते. शिंगं निमुळती आणि गुळगुळीत होतात, पट्ट्याच्या पिनांची भोकं कडेला सरकल्यासारखी दिसू लागतात. गेलेला धातू परत येत नाही. लेझरनं धातू भरून पुन्हा आकार देणारे कारागीर आहेत, पण मग ते घड्याळ 'दुरुस्त केलेलं' ठरतं आणि तसं सांगूनच विकावं लागतं. ओरखड्यांनी भरलेलं पण जाड शिंगांचं घड्याळ जाणकार जास्त पैसे देऊन उचलतो ते यासाठी.

तबकडीचं याहून नाजूक. अंधारात चमकणाऱ्या खुणांसाठी साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडियम वापरत, पुढे ट्रिटियम, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून प्रकाश साठवून चमकणारा, किरणोत्सर्ग नसलेला रंग. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे दर बारा-सव्वाबारा वर्षांनी त्याचा जोर निम्मा होतो. अशा तबकडीच्या तळाशी बहुधा 'स्विस' शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'टी' अक्षर असतं. आता समजा, सत्तरच्या दशकातलं घड्याळ आहे, तळाला ते 'टी' आहे, आणि दिवा मालवल्यावर खुणा हिरव्यागार पेटून बराच वेळ तशाच राहतात. मग कुणीतरी नंतर रंग भरला आहे. खऱ्या जुन्या ट्रिटियमचा रंग पिवळसर, सायीसारखा किंवा तपकिरी झालेला असतो, आणि काटे व तबकडी साधारण सारख्याच वळणानं म्हातारे झालेले असतात. काटे पांढरे आणि तबकडी पिवळी दिसली तर विक्रेत्याला विचारा, काटे कधी बदलले.

इथे एक सापळा आहे. पुष्कळदा हे बदल कुणा लबाडानं केलेले नसतात, कंपनीच्याच सेवाकेंद्रानं केलेले असतात. घड्याळ सर्व्हिसिंगला दिलं की तिथली माणसं जुनी तबकडी आणि काटे काढून नवे बसवतात, घड्याळाची केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, घासून देतात. त्यांच्या दृष्टीनं काम चोख होतं आणि संग्राहकाच्या दृष्टीनं घड्याळाची बरीच किंमत कचऱ्यात जाते. जुनं घड्याळ दुरुस्तीला देताना 'पॉलिश नको, तबकडीला हात लावायचा नाही, काढलेला प्रत्येक भाग परत हवा' हे पावतीवर लिहून घ्यावं. तोंडी सांगितलेलं कारागिरापर्यंत पोचत नाही.

कागद आणि पेटीला कशाला पैसे मोजायचे?

जमीन घेताना आपण मातीपेक्षा कागद जास्त बारकाईनं बघतो, तसाच हा मामला. मूळ हमीपत्र, खरेदीची पावती, पेटी, टॅग, आणि पट्ट्याच्या काढलेल्या कड्यासुद्धा असतील तर व्यवहारात त्याला 'फुल सेट' म्हणतात आणि त्याचा भाव नुसत्या घड्याळापेक्षा वर असतो. पेटी शोभेची. महत्त्वाचं ते हमीपत्र, कारण त्यावर घड्याळाचा अनुक्रमांक असतो.

जुन्या रोलेक्सचा अनुक्रमांक सहा वाजताच्या बाजूला दोन शिंगांच्या मधे, पट्ट्याखाली कोरलेला सापडतो. गेल्या वीसेक वर्षांच्या घड्याळांत तो काचेच्या आतल्या कडीवर असतो. कागदावरचा, पावतीवरचा आणि धातूवरचा असे तिन्ही आकडे जुळायला हवेत. कागद खोटे छापता येतात, म्हणून नुसते ते असणं पुरेसं नाही. पाटेक फिलिप आपल्या दप्तरातून त्या क्रमांकाचं घड्याळ कधी बनलं आणि कधी विकलं याचा उतारा पैसे घेऊन देते. रोलेक्स असा उतारा देत नाही, त्यामुळे तिथे सगळी भिस्त कागदांवर आणि नजरेवर.

अनुक्रमांकाचा दुसरा उपयोग चोरीचा माल ओळखायला. हरवलेल्या आणि चोरीला गेलेल्या घड्याळांच्या नोंदी ठेवणाऱ्या सेवा आहेत. लंडनची 'द वॉच रजिस्टर' ही त्यातली ठळक. थोडे पैसे भरून क्रमांक तपासता येतो. चोरीचं घड्याळ तुम्ही अजाणता आणि पुरे पैसे देऊन घेतलं असलं तरी पुष्कळ देशांत ते मूळ मालकाकडे किंवा त्याच्या विमा कंपनीकडे जाऊ शकतं. जो विक्रेता फोटोत क्रमांक झाकतो, त्याला खासगीत तो दाखवायला सांगा. तरीही नाही म्हणाला तर नमस्कार करून निघा.

नकली ओळखणं सोपं असतं की!

पूर्वी असेल. 'सेकंदकाटा टकटक करतो म्हणजे नकली, सरकत जातो म्हणजे असली' हा सल्ला अजून फिरतो आणि तो आता निकामी आहे. चांगल्या नकलांत चावीचंच यंत्र असतं आणि त्यांचा काटाही सरकतच जातो. वजन, काच, कोरीव अक्षरं सगळं हुबेहूब. मागचं झाकण उघडून यंत्र बघितल्याशिवाय खात्री देता येत नाही, आणि काही नकलांत यंत्राचीही नक्कल इतकी जवळ जाते की रोज तीच यंत्रं हाताळणाराच फरक सांगेल.

याहून अवघड प्रकार म्हणजे जोडकाम, ज्याला या धंद्यात 'फ्रँकनवॉच' म्हणतात. यात प्रत्येक भाग असली, पण वेगवेगळ्या घड्याळांतून उचललेला. केस एका वर्षाची, यंत्र दुसऱ्याचं, तबकडी तिसऱ्याची. यात पारखी माणसंही कशी फसतात त्याचं उदाहरण ताजं आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ओमेगाचं १९५७ चं स्पीडमास्टर, मॉडेल २९१५-१, ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. उन्हानं चॉकलेटी झालेली तबकडी, अव्वल स्थिती. ते विकत घेतलं खुद्द ओमेगानं, आपल्या संग्रहासाठी. २०२३ मध्ये कंपनीनंच जाहीर केलं की ते घड्याळ इकडचे-तिकडचे भाग जमवून उभं केलेलं होतं आणि त्यात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. ज्या कंपनीनं ते मॉडेल बनवलं, तिलाच ते खपवलं गेलं! फोटो बघून 'असलीच आहे' म्हणणाऱ्या मित्राचा सल्ला किती धरायचा ते यावरून ठरवा.

म्हणूनच जाणकार आधी विक्रेता पारखतात आणि मग घड्याळ. किती वर्षं धंद्यात आहे, परतीची मुदत देतो का, 'मूळ भागांची हमी' असं लेखी लिहून देतो का. ऑनलाइन घेताना पैसे मध्यस्थाकडे ठेवून, माल तपासल्यावर मोकळे करायची सोय असेल तर तीच वापरावी. भाव बाजारापेक्षा ठळकपणे कमी आणि विक्रेत्याला घाई असेल, तर त्या स्वस्ताईचं कारण शोधा, कारण असतंच.

मग पैसे गुंतवायला बरं का?

माझं मत स्पष्ट आहे: मनगटावर घालायला घ्या. घड्याळ व्याज देत नाही, भाडं देत नाही. समजा बाजारात एखादं घड्याळ शंभरला विकलं जातं. विक्रेता ते तुमच्याकडून ऐंशीच्या आसपास घेईल, कारण दुकान, तपासणी, हमी आणि अडकलेला पैसा हे सगळं त्याला त्यातून काढायचं असतं. म्हणजे शंभरला घेऊन तुम्ही पुन्हा त्यालाच विकणार असाल, तर नुसती बरोबरी साधायला बाजार पंचवीस टक्के वर जायला हवा. शिवाय विमा, आणि काही वर्षांनी येणारं सर्व्हिसिंग. आतलं तेल आटतं, चाकं सुकी घासतात आणि झिजतात. म्हणून कंपन्या मॉडेलप्रमाणे पाच ते दहा वर्षांनी यंत्र उघडून धुवायला सांगतात. तारखेबरोबर चंद्रकला दाखवणारी किंवा शर्यतीचा वेळ मोजणारी गुंतागुंतीची यंत्रं असली तर बिल फुगतं.

यावर कुणी म्हणेल, अमक्यानं दहा वर्षांपूर्वी घेतलं आणि आज तिप्पट झालं. झालं असेलही. त्याच दिवशी त्याच दुकानातून दुसरं मॉडेल घेऊन निम्म्यावर आलेला माणूस गप्पांत ते सांगत बसत नाही.

विकायचं झालं तर

चार वाटा आहेत. विक्रेत्याला सरळ विकलं तर पैसे त्याच दिवशी, पण सगळ्यात कमी. त्याच्याकडे विक्रीसाठी ठेवलं तर विकल्यावर कमिशन कापून पैसे. इथे विक्रेता बुडाला तर तुमचं घड्याळ कुणाचं, हे आधी करारात बघा. स्वतः ऑनलाइन विकलं तर भाव चांगला, ताप आणि जोखीम तुमची. आणि लिलाव. लिलावात हातोडा पडतो त्या आकड्यावर खरेदीदार आणखी साधारण पाव हिस्सा लिलावगृहाला देतो, आणि बातमीत छापून येते ती बहुधा हे सगळं धरून आलेली रक्कम. विकणाऱ्याच्या हातात बरंच कमी पडतं. साध्या, हजारोंनी निघालेल्या मॉडेलासाठी लिलावाचा घाट घालण्यात अर्थ नाही. ज्याच्यामागे दोन माणसं हट्टानं लागतील असं घड्याळ असेल तरच तिथे जा.

हातात आल्यावर

घेतल्यावर परतीची मुदत संपायच्या आत विश्वासाच्या घड्याळजीकडे न्या आणि त्याला टाइमग्राफरवर लावायला सांगा. हे यंत्र घड्याळाचे ठोके ऐकून ते दिवसाला किती सेकंद चुकतंय आणि झोके घेणारं चाक किती अंशांनी फिरतंय ते दाखवतं. पूर्ण चावी दिलेली असताना साधारण २७० ते ३१० अंश दिसले तर यंत्राची तब्येत ठीक. दोनशेच्या आसपास रेंगाळत असेल तर विक्रेत्यानं 'नुकतंच सर्व्हिसिंग केलंय' असं कितीही सांगितलं असलं तरी केलेलं नाही, किंवा नीट केलेलं नाही. घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे धावायला लागलं तर घाबरू नका, बहुधा स्पीकर किंवा पिशवीच्या चुंबकाजवळ राहून आतली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकीय झालेली असते. घड्याळजी ते मिनिटभरात उतरवतो.

पाण्याच्या बाबतीत तबकडीवरचा '१०० मीटर' हा आकडा घड्याळ कारखान्यातून निघालं त्या दिवसाचा समजा. पाणी अडवतात त्या रबरी कड्या, आणि त्या सुकतात, कडक होतात. दाबाची चाचणी करून घ्या, आणि तोपर्यंत हात धुतानाही घड्याळ काढून ठेवा. ते काढलेलंच आहे तर भिंगाखाली धरून अनुक्रमांकाचे आणि चारही शिंगांचे स्वच्छ फोटो काढा. विमा उतरवताना तेच मागतात.